किल्ल्याचं वय

शहापूर-मुरबाडकडच्या आमच्या पिढीने दिवाळीत किल्ले बांधले, पण ते रंगवले क्वचितच. रंगवायचं काम ऊन, पाणी, धूर आणि शेवाळ करत. वसुबारसेला उभा राहिलेला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत तडकायचा, खचायचा, हिरवा व्हायचा आणि पुन्हा सुकून पिवळा पडायचा. आताची मुलं किल्ला उभा करतात आणि आठवडाभरात त्याला साडेतीनशे वर्षांचा करतात. तटावरून उतरलेले पाण्याचे ओघळ, दरवाजाच्या उंबऱ्याशी साचलेला मळ, कातळावरचे दगडफुलाचे पांढुरके ठिपके, सगळं ब्रशने. आमच्या किल्ल्याला आलेलं म्हातारपण खरं होतं आणि ओबडधोबड दिसायचं. त्यांच्या किल्ल्याचं म्हातारपण रंगाचं असतं आणि डोळ्यांना लगेच पटतं. यात आपण काय कमावलं आणि काय घालवलं, हे नीट पाहायचं तर नुसत्या आठवणींवर भरवसा ठेवून चालत नाही. आठवणींना आपल्याच बाजूने बोलायची सवय असते.

आमच्याकडे दिवाळी यायची ती भातकापणीच्या ऐन धांदलीत. सहामाही परीक्षा संपलेली, मोठी माणसं शेतावर नाहीतर खळ्यावर, आणि अंगणाचा एक कोपरा मुलांच्या ताब्यात. माती आणायला काळूच्या नाहीतर भातसेच्या काठी जायचं. तांबडी हवी असेल तर बांधालगतची खणायची. विटांचे तुकडे, फुटकी कौलं, दगडगोटे यांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि त्यावर शेणमातीचा हात. घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या असत, त्यांनाही लिंपण शेणमातीचंच. दिवाळीला घर सारवून घमेल्यात जो काला उरायचा, तो किल्ल्याच्या वाट्याला यायचा. आजी म्हणायची, "शेण जरा जास्त घाला रे, नायतर उद्याच चिरा पडतील." घर ज्याचं, किल्लाही त्याचाच.

आता आसनगाव-शहापूरच्या इमारतींत अंगण नाही आणि शेणाचं घमेलंही नाही. किल्ला पार्किंगच्या कोपऱ्यात नाहीतर गॅलरीत होतो. थर्माकोलवर राज्याने २०१८ साली बंदी घातली, तेव्हापासून जाणती मुलं पुठ्ठा, जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा आणि शाडू वापरतात. घाईतली माणसं रस्त्याच्या कडेला मांडलेला प्लॅस्टरचा तयार किल्ला उचलून आणतात. ॲक्रिलिक रंग कल्याणहून येतात किंवा कुरियरने घरी येतात. आमची सामग्री फुकट होती आणि ती मिळवण्यात अर्धा दिवस जायचा. यांची सामग्री विकतची आहे आणि ती मिळवण्यात काहीच जात नाही. तो अर्धा दिवस वाया गेला असं तेव्हा घरच्यांना वाटे. ओल्या मातीचा रंग आणि सुक्या मातीचा रंग यांत किती अंतर असतं, हे आम्ही शिकलो ते मात्र त्याच अर्ध्या दिवसात.

आमचा किल्ला जुना होत जायचा तो सगळ्यांच्या देखत. पहिल्या रात्री गुहेत पणती ठेवली की सकाळी गुहेच्या तोंडावर काजळीची जीभ उमटलेली असायची. पाण्याचा हबका मारला की उतारावर बारीक चर पडत, आणि दुसऱ्या दिवशी पाणी नेमकं त्याच चरांतून वाहायचं. ऑक्टोबरचं ऊन लागलं की बुरुजाला तडा जायचा, तडा बुजवला की त्याच्या शेजारी दुसरा. भिजवून पसरलेले अळीव दोन-तीन दिवसांत तरारायचे, मोहरी त्यामागून यायची. मग कोवळं गवत माना टाकायचं आणि मुळांनी धरून ठेवलेली माती तेवढी टिकायची, बाकीची घसरायची. डोंगर कसा झिजतो, झाडं माती कशी धरतात, पाणी आपली वाट कशी ठरवतं, हे सगळं हातभर उंचीच्या ढिगावर घडत होतं. त्यातलं काहीही आम्ही केलेलं नव्हतं. आम्ही पाणी मारत होतो आणि बघत होतो.

आताच्या किल्ल्याला जुनं करण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि तो पाहण्याजोगा असतो. आधी कातळाचा मूळ रंग, तोही निव्वळ काळा नाही, तपकिरीची झाक असलेला करडा. त्यावर स्पंजने दोन-तीन छटांचे ठिपके. मग वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेला गडद रंग. तो आपोआप सांधी-कपारींत जाऊन बसतो आणि दगडाचे सांधे उठून दिसतात. तो वाळला की ड्रायब्रश: ब्रश फिक्या रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा होईतो पुसायचा आणि नुसत्या कडांवरून फिरवायचा. ऊन-वारा खाऊन पांढुरक्या पडलेल्या कडा अशा उजळतात. मग चर्यांखालून उभे ओघळ, टाक्याच्या काठाला शेवाळ, पायथ्याला मातीच्या भुकटीचा धुरळा, आणि शेवटी चमक मारणारा मॅट वार्निशचा हात. या सगळ्याचा एकच नियम आहे: प्रत्येक डागाला कारण हवं. ओघळ आहे तर वर पाणी साचायची जागा हवी, शेवाळ आहे तर तिथे सावली हवी, पायरी झिजलेली आहे तर ती मधोमध झिजलेली हवी, कारण माणूस मधूनच चालतो.

हा नियम आमच्या किल्ल्यात आपसूक पाळला जायचा, कारण तिथे कारणं खरी होती. तरीही आमचा किल्ला खरा दिसायचा नाही, आणि का दिसायचा नाही हे समजायला फार वर्षं जावी लागली. बाजारातला मावळा साधारण तीन इंचांचा. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांचा झाला तर प्रमाण एकास बावीस. समुद्रसपाटीपासून ८५८ मीटर उंच असलेला शहापूरचा माहुली किल्ला त्या प्रमाणात करायचा तर तो ३९ मीटर उंच होईल, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढा. उलट माहुली अंगणात मावावा म्हणून एकास हजार हे प्रमाण धरलं, तर किल्ला ८६ सेंटिमीटरचा होतो आणि माणूस दोन मिलिमीटरहूनही कमी, आम्ही पेरायचो त्या मोहरीच्या दाण्याएवढा. अशा किल्ल्यावर अर्धा मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे अर्ध्या मीटरचा धोंडा, आणि बोटभर रुंदीची चीर म्हणजे अख्खी दरी. माती लहान करता येत नाही, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. म्हणून आमची खरी माती खोटी दिसायची, आणि यांची रंगातली माती खरी दिसते.

जुनेपण रंगवायची ही विद्या एकट्या किल्ल्यांची नाही. जगभर रणगाड्यांच्या, विमानांच्या आणि आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांनी ती घडवली. पुण्यातलं जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय पाहिलेल्यांना छोट्या गाड्यांचं जग ठाऊक आहे. पण शहापूरच्या मुलाला त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. १८६५पासून रेल्वे कसाऱ्याच्या थळ घाटातून वर चढते आहे. तिथे सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे आणि मागून जोर लावायला जादा इंजिनं जोडावी लागतात. उताराला ब्रेक घासून लोखंडाची बारीक पूड उडते, ती रुळांवर, खडीवर, डब्यांच्या बुडाशी बसते आणि गंजून तपकिरी होते. आम्ही आयुष्यभर त्या गाड्यांनी गेलो-आलो आणि शाळेच्या प्रदर्शनात गाडी केली तेव्हा तिची चाकं काळीकुळकुळीत रंगवली. आताचं मूल खर्डीच्या फलाटावर उभं राहून मोबाइलमध्ये चाकांचा फोटो घेतं आणि घरी येऊन तपकिरीत नारिंगी किती मिसळायची ते ठरवतं. आम्ही पाहिलं जास्त, निरखलं कमी.

माहुलीच्या बाबतीत तर हे कबूलच करायला हवं. तो आमच्या खिडकीत होता. शाळेला जाताना, शेतावर जाताना, एसटीची वाट पाहताना तो समोरच असायचा. त्याचे नवरा, नवरी आणि भटोबा हे सुळके लहान पोरही ओळखायचं. आमच्या किल्ल्यावर मात्र ते सुळके कधी आले नाहीत. आमचा किल्ला म्हणजे कुठलाही एक डोंगर, त्यावर चार बुरूज, मधे सिंहासन आणि खाली विहीर म्हणून पुरलेली वाटी. पळसगड, माहुली आणि भंडारगड असा तिघांचा जोडकिल्ला आपल्या डोक्यावर उभा आहे, तर आपण तोच करावा, असं सुचलं नाही. शहाजीराजांना १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी याच किल्ल्यावर वेढलं, १६६५च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, आणि १६७० साली आधीचा हल्ला फसल्यावरही मराठ्यांनी तो पुन्हा जिंकला. हे आम्ही परीक्षेत लिहिलं आणि अंगणात विसरलो.

आताची मुलं माहुली करतात तेव्हा तो माहुलीच असतो. वर चढणाऱ्यांनी काढलेले फोटो असतात, ड्रोनमधून घेतलेल्या फिती असतात, नकाशावरच्या उंचीच्या रेषा असतात. पुठ्ठ्याचे थर त्या रेषांप्रमाणे कापून एकावर एक चिकटवले की डोंगराची चढण बिनचूक उतरते. उभ्या खांबांसारखे फुटलेले कातळाचे कडे, पडझड झालेला महादरवाजा, त्याच्या आतल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, सगळं ज्या त्या जागी. मुरबाडकडची मुलं गोरखगड करतात तर त्याच्या कोरीव पायऱ्या आणि समोरचा मच्छिंद्रगड धरून करतात; नाणेघाट करतात तर वाटेवरचा दगडी रांजण सोडत नाहीत. बेसॉल्टमधलं लोह गंजलं की कातळावर तांबूस छटा येते, म्हणून काळ्या कड्यावर तांबडं हवं, हे सातवीतली मुलगी सांगते आणि तिचं बरोबर असतं. आमच्या पिढीतल्या कुणाला ते सांगता आलं नसतं.

इथपर्यंत हिशेब सरळ आहे, आणि तो आमच्या विरुद्ध जातो. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा खुपते. आमचा किल्ला नांदता असायचा. तट नवा, दरवाजा शाबूत, सिंहासनावर महाराज, वाड्याशी पहारा, पायथ्याशी बाजार, शेतात बैलजोडी, विहिरीवर पाणी भरणारी बाई. तो शिवकाळातला किल्ला होता, आणि शिवकाळात तटावर साडेतीनशे वर्षांचे ओघळ नसणार, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं तरी ठाऊक होतं. आताचा किल्ला अवशेषांचा असतो. पडका बुरूज, उगवलेली झुडपं, काळवंडलेला दगड, आणि त्या पडक्या तटामध्ये सिंहासनावर महाराज. रंग इतका हुबेहूब की तो आजचा माहुली वाटतो; मग महाराज तिथे कसे, हा प्रश्न पडायला हवा, तो पडत नाही. आम्हाला किल्ला कसा दिसतो हे माहीत नव्हतं, पण तिथे माणसं राहत होती हे माहीत होतं. यांना किल्ला कसा दिसतो हे नेमकं माहीत आहे.

आणि आमचा तो नांदता किल्ला पुढे आपोआप पडका व्हायचा. पाडव्याला दिमाखात उभा असलेला तट पंचमीपर्यंत एका बाजूने बसायचा, एकादशीपर्यंत दरवाजा कलायचा, तुळशीच्या लग्नाला नुसता डोंगर उरायचा. म्हणजे बांधणी, वस्ती, पडझड आणि डोंगर ही किल्ल्याची सगळी कथा आम्ही पंधरवड्यात पाहायचो. आता ती कथा शेवटच्या पानापासून सुरू होते आणि तिथेच थांबते. वार्निश मारलेला किल्ला पुढे जुना होत नाही. दिवाळी झाली की त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवतात, पुढल्या वर्षी काढून त्यावरची खरी धूळ पुसतात आणि खालची रंगवलेली धूळ जपतात.

जुन्या दिवसांबद्दल बोलताना जे सांगायचं टाळलं जातं तेही सांगायला हवं. आमच्या किल्ल्याची माती डोक्यावरून आणायला कातकरी वाडीतली पोरं यायची, आणि मावळे मांडायची वेळ आली की ती अंगणाच्या कडेला उभी राहून बघायची. त्यांना कुणी हाकललं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. किल्ला हा पोरांचा उद्योग, पोरींनी रांगोळी घालावी, अशी वाटणी होती. बहिणीच्या हाताला आमच्याहून चांगलं वळण असलं तरी तिच्या वाट्याला किल्ल्यापुढचा रस्ता येई, विटेच्या चुऱ्याने रेखायला. काळ्या रंगासाठी आम्ही जुने सेल फोडून त्यातली भुकटी हाताने कालवायचो, पाटी काळी करायलाही तीच वापरत. ती भुकटी विषारी असते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवशी बुरुजात सुतळी बॉम्ब खोचून किल्ला उडवायची चाल कित्येक आळ्यांत होती, आणि तोंडावर माती-खडे उडून डोळे सुजलेली मुलं दर वर्षी दिसायची. ज्याला आपण सोनेरी म्हणतो त्या काळातल्या या गोष्टी आहेत.

आज ती वाटणी बऱ्याच ठिकाणी मोडली आहे. रंगाच्या पेटीवर मुलाइतकाच मुलीचा हक्क असतो, आणि आश्रमशाळांच्या प्रदर्शनांत ठाकूर-वारली घरांतली मुलं किल्ले मांडतात तेव्हा डोंगराची घडण त्यांना कुणी समजावून द्यावी लागत नाही. काव, चुना आणि तांदळाची पिठी यांनी कुडाच्या भिंती ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रंगल्या, त्यांना मातीवर रंग कसा बसतो हे शिकवायचं तरी कुणी? ही भर आमच्या किल्ल्यांना नव्हती. तिच्यापुढे आमची हळहळ लहान आहे आणि ती लहानच राहावी.

तरीही हळहळ आहे. ती मातीसाठी नाही, मातीभोवतीच्या बारक्या बारक्या गोष्टींसाठी आहे. पत्र्याच्या ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे निघायचे. कुणाचं नाक उडालेलं, कुणाची तलवार मोडलेली, आणि मोडक्याला नेहमी मागच्या रांगेत जागा. कंदिलाच्या काचेवरची काजळी बोटाने पुसून तोफेला लावायची. नीळ विरघळवून तळ्यात ओतायची आणि सकाळी मातीने ती पिऊन टाकलेली पाहायची. भाऊबिजेला आलेले मामा चहा हातात घेऊन किल्ल्यासमोर उभे राहायचे आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारायचे, "यंदा चोरदरवाजा कुठं ठेवलात?" ओवाळणीइतकंच त्या प्रश्नाला महत्त्व होतं. या आळीतून त्या आळीत किल्ले बघत हिंडायचं, दुसऱ्याच्या अळिवाची उंची नजरेने मोजायची, परत येऊन आपल्या किल्ल्यावर पाण्याचा एक हबका जास्त मारायचा.

आता किल्ले बघायला हिंडावं लागत नाही, फोटो हातात येतात. स्पर्धेचं पत्रक येतं, परीक्षक येतात, त्यांच्या कागदावर 'नैसर्गिकता' असा रकाना असतो आणि त्याला दहापैकी गुण असतात. किल्ल्यापुढे दोरी बांधलेली असते, हात लावू नका असं लिहिलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. आठवडाभर खपून काढलेला ओघळ लहान मुलाच्या ओल्या बोटाने पुसला जाऊ शकतो. आमच्या किल्ल्याला येणारा-जाणारा हात लावायचा, आणि त्या हातांनीही तो जुना व्हायचा. पायरीवर बोट टेकवून शेजारचं पोर महाराजांना मुजरा करायचं, आणि पाचव्या दिवशी ती पायरी मधोमध झिजलेली असायची. पायरी मधोमध झिजते हे आज रंगवताना सांगावं लागतं.

घरांकडे पाहिलं की हा बदल आणखी स्पष्ट होतो. कुडाच्या घराला दर वर्षी सारवावं लागायचं, दर पावसाळ्यात भिंतीचा खालचा हात विरघळायचा, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. गळणाऱ्या घरात रात्र काढलेल्या बाईला त्या भिंतीचं सौंदर्य सांगायला जाऊ नये. आज घरं सिमेंटची झाली आणि त्यांना पाऊस-ऊन झेलणारे, डाग न धरणारे रंग लागले. म्हणजे घराचं वय दिसू नये म्हणून एक रंग आणि किल्ल्याचं वय दिसावं म्हणून दुसरा, असे दोन डबे एकाच माळ्यावर शेजारी ठेवलेले असतात. जुनेपण आपल्याला हवं आहे, पण ते राहत्या जागी नको, शोभेच्या जागी हवं. यात दोष देण्याजोगं काही नाही. पण जुनेपणाची हौस त्याच्या अडचणीतून सुटल्यावरच फुलते, एवढं यातून कळतं.

खऱ्या किल्ल्यांवर याच्या उलट काम चाललं आहे. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि दुर्गसंवर्धनाला जोर आला. ठिकठिकाणच्या तरुणांनी टाक्यांतला गाळ उपसला, तटांवरची झाडं काढली, ढासळलेले दगड रचले. तिथे चिंता ही की नवं काम फार नवं दिसू नये आणि सिमेंटने जुन्या दगडाचा श्वास कोंडू नये. माहुली त्या यादीत नाही, गोरखगड नाही, सिद्धगडही नाही. त्यांची पडझड त्यांच्या वेगाने चालू आहे. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला आणि माहुलीच्या मुलखातून गाड्या न थांबता जाऊ लागल्या. ज्या मुलाने आठवडाभर बसून त्या कड्याचा रंग जुळवला आहे, ते मूल गाडीच्या काचेतून बाहेर बघेल. आमच्यातल्या कितीजणांनी बघितलं असतं?

सिद्धगडाचं उदाहरण मनातून जात नाही. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. मुरबाडकडच्या आमच्या किल्ल्यांवर महाराज होते, पण हे दोघे कधीच नव्हते, कारण आमच्या लेखी किल्ल्याचा काळ मराठेशाहीबरोबर संपत होता. जुनेपण रंगवायला शिकलेल्या मुलांपुढे मात्र एक वेगळा प्रश्न आपोआप येतो: हा डाग कोणत्या सालचा? शिवकाळाचा, त्यानंतर ओसाड पडलेल्या शतकाचा, १९४३चा, की गेल्या पावसाळ्यातला? किल्ल्याला एकच वय नसतं, थरांवर थर असतात, हे वॉश आणि ड्रायब्रश करणाऱ्या हाताला कळू शकतं. आमच्या हाताला ते कळलं नाही. या एका कारणासाठी ही नवी कला जिवापाड जपावी.

पण थर रंगवणं आणि थर साचताना पाहणं या दोन वेगळ्या शिकवणी आहेत, आणि एकीने दुसरीची जागा घेऊ नये. पहिली डोळ्याला तयार करते, दुसरी मनाला. आपण नीट बांधलेली वस्तू आपल्यासमोर खचते, आपण तिला सावरतो, ती पुन्हा खचते, आणि त्यात कुणाचाही अपराध नसतो, हे लहानपणी एकदा तरी अनुभवलेलं बरं. आमच्या पिढीला ते फुकट मिळालं, कारण टिकाऊ काही करायची ऐपत नव्हती. आताच्या मुलांना ते मुद्दाम द्यावं लागेल.

म्हणून येत्या दिवाळीसाठी एक सुचवणं आहे, आणि ते वडीलधाऱ्यांना आहे. मुलांना ब्रश द्या, चांगले रंग द्या, आणि पावसाळा सरला की एकदा माहुलीच्या पायथ्याशी नेऊन कातळ हाताने चाचपू द्या. त्यांनी हवा तितका हुबेहूब किल्ला करावा. त्याच्या शेजारी मात्र एक किल्ला नुसत्या मातीचा असू द्या. त्याला वार्निश नको, दोरी नको, स्पर्धेत नाव नको. त्यात पणती लावा, त्यावर अळीव पेरा, आणि येईल त्या मुलाला, वाडीतल्या आणि इमारतीतल्या, त्याला हात लावू द्या. तुळशीच्या लग्नाला दोन्ही किल्ल्यांकडे मुलांना नीट बघायला सांगा. रंगवलेल्या किल्ल्यावर जिथे ओघळ काढला होता, तिथेच मातीच्या किल्ल्यावर पाणी उतरलं का, हे त्यांनी तपासावं, आणि उतरलं नसेल तर पुढच्या वर्षी ओघळाची जागा बदलावी.